बीरचे फोटो कोणी काढले

दोह्यातल्या अल गराफा भागातल्या आमच्या घरी टीव्हीच्या वरच्या भिंतीवर माझा एक मोठा फोटो आहे. मागे बर्फाचे डोंगर, अलीकडे रंगीत पताकांची रांग आणि मधोमध मी, लोकरीची टोपी घालून, ते डोंगर मीच आणून ठेवल्यासारखा उभा. शुक्रवारी कोणी मराठी मंडळी चहाला आली की फोटोकडे बघून विचारतात, "काका, हे कुठलं?" मी सांगत आलो, "हिमाचलातलं बीर. मुलानं नेलं होतं."

यातलं बीर खरं आहे, मुलगा खोटा. मुलगा माझ्याबरोबर आला नव्हता. मला सूनबाईनं नेलं. फोटोही तिनंच काढला. माझे तिथले सगळे फोटो तिनं काढले, आणि म्हणूनच त्यांतल्या एकाही फोटोत ती नाही. एवढ्याशा खोट्याचा त्रास तिला आणि तिच्या आईला किती झाला, हे आमच्या घरात आता सगळ्यांना कळलं आहे. पण ज्यांना मी वर्षानुवर्षं चुकीचं सांगितलं त्यांची संख्या घरच्यांपेक्षा मोठी आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पत्नी गेल्यावर मिरजेचं घर बंद करून मी दोह्याला मुलाकडे आलो. मुलगा गॅसच्या प्लांटवर, सून एका ऑफिसात अकाउंट्सला. दोघंही सकाळी अंधारात निघायची. मी आणि एसी, असे दोघं घरात. सुनेशी माझं भांडण कधीच नव्हतं, बोलणंही नव्हतं. आमच्याकडे सासरा स्वयंपाकघराशी येताना खाकरतो, म्हणजे आत सून असली तर तिला सावरायला वेळ मिळतो. वडील खाकरायचे, म्हणून मीही खाकरायचो. इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दारच नाही, तरी मी खाकरत राहिलो. सुनेला वाटलं मला दम्याचा त्रास आहे. कितीतरी दिवस ती माझ्या टेबलावर आलं-मधाची वाटी झाकून ठेवत होती, आणि मीही ती मुकाट्यानं चाटत होतो. आमचं नातं हे एवढं होतं.

हिमालय बघायची माझी जुनी इच्छा होती, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. ऑक्टोबरात जायचं ठरलं, आम्ही तिघं. मी लगेच मिरजेला आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन करून सांगितलं, "पोरगा मला हिमालयात नेतोय." आक्कानं ते साऱ्या गल्लीला सांगितलं. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात प्लांटचं शटडाऊन पुढे ढकललं गेलं. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्या काळात रजेचं नावही काढायचं नसतं. मुलगा घरी येऊन बूट न काढताच बसला आणि म्हणाला, "खलास, बाबा. माझी रजा गेली."

मी म्हटलं, "मग राहू दे."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "का राहू दे? माझी रजा आहे ना. मी आणि बाबा जाऊ."

ती रजा तिनं दिवाळीला नाशिकला माहेरी जायला साठवली होती. हे मला तेव्हा माहीत होतं. मी 'नको' म्हणालो नाही.

दिल्लीच्या विमानतळावर मी हावरटासारखे छोले भटुरे खाल्ले. कांगड्याला उतरून टॅक्सीनं बीरकडे निघालो, आणि पालमपूर मागे पडल्यावर पोटात कळ आली. आधी दाबून धरली. मग कपाळावर घाम आला. सुनेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. ना हॉटेल, ना घर. एका अंगाला दरी आणि दुसऱ्या अंगाला चीडाची झाडं. ती माझ्या आधी उतरली, आपली शाल दोन्ही हातांनी पसरून दोन झाडांच्या मधे पाठमोरी उभी राहिली आणि ड्रायव्हरशी मोठमोठ्यानं बोलायला लागली.

"भैया, इधर सेब का क्या भाव है?"

"मैडम, सेब तो कुल्लू में। इधर चाय होती है।"

"अच्छा, तो चाय का क्या भाव है? और मिट्टी कैसी लगती है चाय को?"

शालीच्या मागे मी किती वेळ होतो सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात तिनं चहा, पाऊस, माकडं आणि ड्रायव्हरच्या मुलांच्या शाळा एवढं सगळं विचारून घेतलं. मला लाज वाटू नये, काही ऐकू जाऊ नये, म्हणून. मी बाहेर आलो तेव्हा तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या सीटवर बसा. मागे फार हलतं." त्या दिवसानंतर आजपर्यंत तिनं या प्रसंगाचा उल्लेखही केलेला नाही. तो मीच आज पहिल्यांदा करतो आहे.

बीरमध्ये आम्ही एका तिबेटी बाईंच्या घरी उतरलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर भाताची खाचरं, पलीकडे गोंपाची, म्हणजे बौद्ध मठाची, सोनेरी शिखरं. बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन आणि लांब वेणी बघून मला जुनी मिरज आठवली. दर थंडीत आमच्या स्टेशन रोडवर तिबेटी बायका फुटपाथवर स्वेटर मांडून बसायच्या. मी तसं म्हटल्यावर बाई खळखळून हसल्या. त्या स्वतः तरुणपणी थंडीभर पुण्यात आणि कोल्हापुरात स्वेटर विकायला येत होत्या.

"घ्या की भाऊ, वूलन आहे, एकच भाव!" त्यांनी मराठीत हाळी दिली. अडीच हजार किलोमीटरवरून, दोह्याहून आलेला मी, हिमालयाच्या पायथ्याशी कोल्हापुरी 'की' ऐकत होतो.

"कमी होणार नाही?" मी विचारलं.

"परवडत नाही, भाऊ!" त्या म्हणाल्या, आणि सून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग बाईंनी हिंदीत विचारलं, "बेटी है आपकी?"

मी म्हटलं, "हाँ, बेटी है।"

सुनेनं ऐकलं. ती माझी बॅग उचलून वर गेली.

त्याच संध्याकाळी आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात थुक्पा खात बसलो होतो. थुक्पा म्हणजे शेवयांचं, भाज्यांचं वाफाळतं सूप. माझ्या बिघडलेल्या पोटासाठी सुनेनं त्यांना तिखट न घालता करायला सांगितलं होतं. तेवढ्यात आक्काचा फोन आला.

"पोचलासा का? थंडी हाय का लई? पोरगा कुठाय, दे जरा त्याच्याकडं."

आणि मी म्हणालो, "तो फोटो काढायला गेलाय बाहेर."

"आणि सूनबाई?"

"तिला रजा नाही मिळाली. आम्ही दोघंच आलोय."

सून समोर बसलेली होती. तिच्या हातातला चमचा वाडग्यावरच थांबला. मी फोन ठेवला. "आक्का जुन्या वळणाची आहे," मी म्हणालो. "सासरा-सून दोघंच म्हटलं की लोक उगीच... आणि मुलगा नेतोय म्हणून मी सगळ्यांना सांगून बसलोय. तूही तसंच सांग. म्हणजे, कोणी विचारलं तर."

"बरं," ती म्हणाली. मग माझा वाडगा पुढे सरकवत, "बाबा, खाऊन घ्या, गार होतंय."

लोक काय म्हणतील, हे कारण मी तिला दिलं आणि स्वतःलाही दिलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. मुलानं बापासाठी काही केलं की ते चारचौघांत मिरवता येतं. सुनेनं केलं तर ते कसं सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी शिकून घेतलं नव्हतं. ज्या मुलीनं सकाळी माझ्यासाठी रस्त्यावर शाल धरली होती, तिला संध्याकाळी मी त्या प्रवासातून काढून टाकलं.

पुढचे दिवस मात्र सुखाचे गेले. सकाळी बाई गोंपाला प्रदक्षिणा घालायला निघत, मीही त्यांच्याबरोबर जाई. भिंतीला लावलेली मोठी पितळी चक्रं हातानं फिरवत चालायचं. म्हातारी माणसं जपमाळ ओढत, मधेच थांबून गुडघे चोळत, एकमेकांची थट्टा करत चालायची. सून पुढे जायची आणि वळणावर थांबून माझे फोटो काढायची. "बाबा, टोपी जरा मागे घ्या. बाबा, हसा की." बाई एकदा म्हणाल्या, "आपकी बेटी तेज़ चलती है, पर हर मोड़ पर पीछे देखती है।" मी मान डोलावली. भिंतीवरचा तो फोटो अशाच एका वळणावरचा आहे.

बीरमध्ये आकाशात सतत रंगीत छत्र्या फिरत असतात. वर बिलिंगच्या डोंगरावरून माणसं पॅराशूटसारख्या पंखाला टांगून घेतात आणि तरंगत खाली शेतात उतरतात. सून रोज मान वर करून बघायची. शेवटच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "जा की उडून ये."

"तुम्ही एकटे?"

"मी काय लहान आहे? मीही वर येतो, बघतो."

आम्ही जीपनं वर गेलो. तिथे गवताचा मोठा उतार, आणि उतार संपतो तिथे पुढे नुसती हवा. तिला ज्या पायलटबरोबर उडायचं होतं तो कोवळा, काटकुळा मुलगा होता. त्यानं हेल्मेट दिलं, पट्टे आवळले आणि म्हणाला, "मैडम, गले में कुछ मत रखिए। स्ट्रैप में अटकता है।"

तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. दोह्यात ती ते रोज घालत नाही. सासऱ्यांबरोबर प्रवासाला जायचं म्हणून मुद्दाम घातलं होतं. तिनं ते काढलं, क्षणभर हातात धरलं आणि माझ्यापुढे केलं. मी ते रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं. मग ती उतारावरून धावत सुटली, आणि पुढच्या क्षणी जमिनीवर नव्हती.

मी जीपनं खाली पोचलो तोवर ती उतरलीही होती. उतरल्या उतरल्या तिथल्या एकानं तिचा आणि पायलटचा फोटो काढून दिला होता: तिचं हेल्मेट काखेत, जॅकेट उघडं, केस विस्कटलेले, तोंडभर हसू, शेजारी तो, मागे शेत. मी रुमाल सोडून मंगळसूत्र तिच्या हातात दिलं. "बाबा," ती म्हणाली, "वरून आपलं घर दिसलं. बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या."

दोह्याला परतल्यावर काही आठवड्यांनी तिचा वाढदिवस आला. त्या दिवशी तिनं तोच फोटो फोनवर स्टेटसला ठेवला.

आक्कानं तो पाहिला. आक्काच्या हिशेबी सुनेला सासऱ्याबरोबर जायला रजा नव्हती. मग ही केव्हा गेली? तर नंतर, एकटी, मजा करायला. शेजारी कोण तो पोरगा? आणि गळा मोकळा. आक्कानं मला विचारलं नाही, मिरजेत चार जणींना सांगितलं. मला ते भाच्याकडून कळलं. मी म्हटलं, बायकांचं बोलणं, विरून जाईल.

ते विरलं नाही. सुनेच्या भावाचं लग्न नाशिकला झालं, त्याला आम्ही सगळे गेलो होतो. जेवणाच्या पंगतीजवळ बायकांच्या घोळक्यात आक्का माझ्या विहीणबाईंना हसत हसत म्हणाली, "तुमची लेक लई धीट हो. म्हाताऱ्या सासऱ्याला न्यायला रजा न्हाई, पण स्वतः हिमालयात उडून आली, मंगळसूत्र काढून!"

दोन-तीन बायका हसल्या. विहीणबाईंना सगळं ठाऊक होतं. मुलीनं आईला खरं सांगितलं होतं, आणि 'बाबांचं बोलणं खोटं पाडू नकोस' अशी शपथही घातली होती. दिवाळीला लेक घरी का आली नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. मी तीन पावलांवर उभा होतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नुसत्या बघत होत्या, मी बोलेन म्हणून. मी वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला.

त्यानंतर कितीही वेळा मनाला समजावलं तरी ती नजर हलली नाही. आणि सूनबाई? दुसऱ्याच आठवड्यात इथे मला ताप आला तर रात्रीतून उठून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. आक्काला दर महिन्याला फोन करत होती. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही की बाबा, तुम्ही गप्प का राहिलात? विचारलं असतं तर कदाचित मी लवकर सुटलो असतो.

यंदा जानेवारीत आक्का दोह्याला आली. पिशवीभर भडंग, सांडगे आणि तीच जीभ घेऊन. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. आक्का फोटोकडे बघून म्हणाली, "पोरानं बापाला कैलास दाखवला बघ." मग सुनेकडे वळून, अगदी प्रेमानंच, "आणि तू गं, परत कधी उडणार? या बारीला गळ्यात काहीतरी घालून उड."

मुलानं मान खाली घातली. सून म्हणाली, "आत्या, भाकरी वाढू?"

मी म्हणालो, "आक्का, तिचं मंगळसूत्र माझ्या खिशात होतं."

"काय?"

"उडताना गळ्यात काही ठेवायचं नसतं. तिनं काढून माझ्याकडे दिलं. मी तिथंच होतो, डोंगरावर."

"तू पोराबरोबर गेलतास की."

"मी गेलोच नव्हतो, आत्या," मुलगा म्हणाला. "शटडाऊनला इथंच होतो. मी हिमालय त्या फोटोतच बघितलाय."

"मग फोटो कुणी काढला?"

"हिनं. सगळे हिनंच काढले. मला हिनं नेलं, आक्का. स्वतःची दिवाळीची रजा घालवून." मग मी सगळं सांगितलं, फोनवर काय बोललो ते, आणि नाशिकच्या पंगतीजवळ मठ्ठा मागितला तेही. शालीचं मात्र त्या दिवशी सांगवलं नाही.

आक्काचा घास हातातच राहिला. "म्हंजे मी त्या बाईला तिच्याच दारात, तिच्याच पोराच्या लग्नात... आणि तू ऐकत हुभा होतास?"

"होतो."

"अरे, माझी जीभ काय आजची हाय? तुला जन्मापासनं माहीत हाय! हात धरून थांबवायचं तरी!" मग ती सुनेवर घसरली. "आणि तुला गं, तोंड न्हवतं व्हय?"

"मी सांगितलं असतं तर बाबा खोटे पडले असते, आत्या."

"खोटा तर तो होताच की!"

मुलगा फस्सकन हसला, मग सूनही. आक्का हसली नाही. ताट बाजूला सारून तिनं सुनेचा हात ओढून जवळ घेतला, कितीतरी वेळ तो आपल्या मांडीवर धरून बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जेव नंतर. आधी त्या बाईला फोन लाव. तुझं झालं की मी बोलते."

मी हात धुऊन विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, नाशिकला लग्नात तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं."

त्या म्हणाल्या, "हो भाऊ. बघितलं होतं."

"मी तेव्हा बोलायला हवं होतं. आज बोललो. आक्कासमोर, मुलांसमोर. तुमच्या मुलीनं मला नेलं, सांभाळलं, आणि वर माझं खोटंही सांभाळलं. उशीर झाला. मला माफ करा."

त्यांनी लगेच 'असू द्या' म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाल्या, "मला वाईट वाटलं होतं. फार वाटलं होतं." आणि मग, वेगळ्या आवाजात, "तुम्ही खरंच वर होता ना? मग मला एक सांगा. ती म्हणते, अजिबात घाबरले नाही. खरं आहे का?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "हात थंडगार पडले होते. पायलट 'भागो, भागो' म्हणत होता आणि तिचे पाय उचलत नव्हते. मग एकदम धावली, आणि पाय सुटल्यावर 'आई गं!' म्हणून जी ओरडली, ती मला वरपर्यंत ऐकू आली."

विहीणबाई हसायला लागल्या. "मला नाही सांगितलं तिनं हे. पुढे? पुढे काय झालं? सावकाश सांगा, भाऊ, मला काही घाई नाही."

मग मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना सांगत राहिलो, पंख आधी लाल दिसला मग डोंगराच्या सावलीत काळा, तो घारींच्याही वर गेला, गोंपावरून वळला, आणि मी डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होतो.